दिवा कधी लागणार?

“तानसेनाची गोष्ट सांगितली तेव्हा अगदी डोळे विस्फारून ऐकत होती, मॅडम. म्हटलं, हीच वेळ आहे. लगेच गाणं लावलं. पाच मिनिटं बसली आणि विचारते कशी, ‘आई, दिवा कधी लागणार?’”

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे सांगताना आईला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही. शेजारी बाबा मोबाइल उलटा ठेवून गप्प बसले होते. लेक आठ वर्षांची, बाहेरच्या खोलीत चित्र काढत होती. (आईबाबांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वर्षभर ती गाण्याच्या क्लासला जात होती. सुरुवातीला हौसेने, मग ओढूनताणून आणि आता क्लासच्या दिवशी हटकून पोट दुखायचं. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, पोटात काही नव्हतं. बाई प्रेमळ होत्या, रागावत नव्हत्या. मुलीचं म्हणणं एवढंच, “बोअर होतं. तेच तेच म्हणतात.” गोष्टींमधून मुलांना शास्त्रीय संगीताची गोडी लागते, असं आईने कुठेतरी ऐकलं. महिनाभर तिने दीपक रागाने पेटलेले दिवे सांगितले, मल्हाराने पडलेला पाऊस सांगितला. आणि आता तिचा प्रश्न होता तो मला बरेच आईबाप विचारतात. गोष्ट आवडते, गाणं आवडत नाही. आमचं चुकतं कुठे?

बाबा एकच वाक्य बोलले, “मला लहानपणी शिकायचं होतं, राहून गेलं.” या वाक्यावर दोन सत्रं निघू शकतात. निघालीही, पण तो विषय वेगळा.

मुलीशी मी एकटीनेच बोलले. गाण्याचा विषय काढला तशी ती खुर्चीत आणखी खाली सरकली. मग म्हणाली, “गोष्टीत कायकाय होतं. गाण्यात काहीच होत नाही.”

तिची तक्रार मला रास्त वाटली. राग गाऊन दिवे लागतात असं सांगायचं, पुढ्यात मात्र कुणीतरी शांतपणे आलाप करत बसलंय. यात मुलाची फसवणूकच होते. चमत्काराची आख्यायिका ही गाण्याची जाहिरात असते, आणि जाहिरातीतलं खेळणं हातात आल्यावर मुलांचा चेहरा कसा होतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अशा गोष्टी सांगूच नयेत असं नाही, मलाही आवडतात. पण ती गोष्ट गाण्याच्या शेजारी उभी राहते, आत शिरत नाही. मुलाला हवी असते ती गाण्याच्या आत काय चाललंय, याची गोष्ट.

पाश्चात्त्य संगीतात हे काम एका अर्थी सोपं आहे. प्रोकोफिएव्हने १९३६ साली मॉस्कोतल्या मुलांसाठी ‘पीटर आणि लांडगा’ रचलं, त्यात पक्षी म्हणजे बासरी, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट आणि लांडगा म्हणजे तीन हॉर्न. वाद्य वाजलं की पात्र आलं. आपल्या ख्यालात, म्हणजे शास्त्रीय गायनाच्या मुख्य प्रकारात, गळा एकच. पात्रं सुरांत, लयीत आणि बंदिशीच्या, म्हणजे रागात बांधलेल्या गीताच्या, शब्दांत शोधावी लागतात. ती असतात मात्र भरपूर.

पुढच्या वेळी मी तिला एक प्रसंग सांगितला. रात्र झालीय, घरातले सगळे झोपलेत. एका मुलीला गुपचूप बाहेर जायचंय आणि पायात पैंजण आहेत. पाऊल टाकलं की छुम. सासू जागी होईल, नणंद जागी होईल. या कल्पनेवर आपल्याकडे कितीतरी बंदिशी आहेत. ती कुणाला भेटायला निघालीय हे मी सांगितलं नाही, हिनेही विचारलं नाही. तिला व्यवहाराचा मुद्दा महत्त्वाचा वाटला.

“पैंजण काढून टाकायचे की!”

मग स्वतःच थांबून म्हणाली, “पण काढताना पण वाजतील.”

आता गाणं लावायला हरकत नव्हती. चार-साडेचार मिनिटांची तीनतालातली द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश लावली. गायिकेने मुखडा, म्हणजे बंदिशीची फिरून फिरून येणारी ओळ, घेतला आणि समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली. पोरगी खुर्चीवरून उठली आणि चवड्यांवर दाराकडे निघाली. थोडा विस्तार होऊन मुखडा परत आला, तशी ती जागच्या जागी गोठली. “परत वाजलं!” पुन्हा मागे, पुन्हा चवड्यांवर. प्रत्येक मुखड्याला तिचे पैंजण वाजत होते. शेवटी एक लांब तान आली तेव्हा माझ्या टेबलाला वळसा घालून ओरडली, “आता पळाली!” गाणं संपलं.

“गेली का मग ती?”

“कळलं नाही बाई,” मी म्हटलं.

“म्हणजे परत लावायला लागेल.”

वर्षभर जी तक्रार होती, “तेच तेच का म्हणतात”, तिचं उत्तर तिला मिळालं होतं, कुणी न समजावता. ओळ तीच राहते, पण दर वेळी प्रयत्न नवा असतो. मुखडा का फिरून येतो, हे मी तिला तालाची विभाग-आवर्तनं (तालाचे भाग आणि फेऱ्या) सांगून समजावायला गेले असते तर ती अजूनही खुर्चीत खाली सरकत असती.

इथवर छान झालं आणि मग मी माती खाल्ली. आईला मी एक वही करायला सांगितली. कोणती बंदिश, कोणती गोष्ट, मुलगी काय म्हणाली, याची नोंद. हेतू चांगला होता. पण वही आली की पाठोपाठ प्रश्नोत्तरं येतात. आई गाणं संपल्या संपल्या विचारू लागली, “सांग बघू, राग कोणता होता? मुखडा किती वेळा आला?” तिसऱ्या आठवड्यात मुलगी मला म्हणाली, “मावशी, तुमची गोष्ट पण अभ्यासच आहे.” मी त्याच दिवशी वही बंद करायला लावली. मुलांना गोष्टीच्या पोटातल्या धड्याचा लांबून वास येतो. एकदा आला की पुढच्या दहा गोष्टींकडे ती संशयानेच बघतात.

आईबाबांची अडचण खरी होती. “आम्हाला संगीतातलं काही कळत नाही, आम्ही गोष्ट आणायची कुठून?” यावर माझं उत्तर असं की सगळं कळावं लागत नाही. एका गोष्टीत एकच लक्ष ठेवण्याची जागा द्या. बाकीचं गाणं आपोआप ऐकलं जातं. त्यांच्या मोबाइलवर रियाजाचं अ‍ॅप होतंच. तीनताल लावा आणि सांगा, तबला आणि डग्गा लपाछपी खेळतायत, मधेच डग्गा लपतो, कधी परत येतो ते बघ. तीनतालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे टाळी न देण्याची जागा, असते. तिथून पुढे डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि तबला एकटाच टिकटिकत राहतो. माझी अपेक्षा होती की तेराव्या मात्रेला नवा विभाग सुरू होतो, तिथे ती डग्ग्याला पकडेल.

तिने बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजून म्हणाली, “तेराला नाही येत. चौदाला येतो. तेराला नुसता डोकावून बघतो, राज्य कोणावर आहे ते.”

आईचा मला फोन, हे बरोबर आहे का? मी मनात बोल म्हणून पाहिले. शेवटचा विभाग, ता धिं धिं धा. तेरावी मात्रा ‘ता’, तिच्यात डग्गा नाहीच. ‘धिं’ला येतो, चौदाव्याला. इतकी वर्षं तीनताल ऐकते आहे, पण हे मी कधी मोजलं नव्हतं.

गाणं निवडताना एक पथ्य मात्र पाळायला सांगते. आधी द्रुत, छोटं, तालाची लय चटकन पकडता येईल असं. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं एकच आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. मोठ्यांना त्या संथपणातली गंमत कळायलाही वर्षं जातात. आठ वर्षांच्या मुलाला समेची वाट बघायला लावणं म्हणजे न येणाऱ्या बसची वाट बघायला लावणं. विलंबित ऐकायला पुढे अख्खं आयुष्य आहे.

मूल मुळाक्षरांच्या पुढे गेलं की मग सुरांची पात्रं करता येतात. भूप आणि देशकार यांची माझी आवडती जोडी आहे. दोघांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. पाच खोल्यांचं एकच घर आणि दोन बहिणी. एकीचा, भूपचा, मुक्काम गंधाराच्या (ग) खोलीत, ती रात्र पडू लागली की बोलते. दुसरी, देशकार, सकाळची, तिची बैठक धैवतात (ध). खोल्या त्याच असून घर वेगळं वाटतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना हे फार पटतं, विशेषतः भावंडं असतील तर. आठ वर्षांच्या या एकुलत्या एक लेकीला त्यात काही राम वाटला नाही. तेव्हा तो विषय तिथेच सोडला.

तिला लागू पडला तो मारवा, आणि तो माझ्यामुळे नाही, बाबांमुळे. दोन सत्रांत मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की मारव्यात पंचम (प) नाही, षड्जावर, म्हणजे सुरांचं घर असलेल्या ‘सा’वर, गायक फार टेकत नाही आणि हा राग सूर्यास्ताच्या वेळचा. गोष्ट त्यांनी स्वतः केली. एक मुलगा खेळून घराकडे निघालाय. दिवस मावळतोय. घर दिसतंय, तो दारापर्यंत येतो आणि परत फिरतो. बस, एवढंच. मारव्यातला कोमल रिषभ (रे) षड्जाच्या अगदी उंबऱ्याशी असतो, त्यामुळे ‘दारापर्यंत’ हा शब्द त्यांना नकळत अचूक सापडला होता. मग खिडकीशी दोघं बसली. त्यांनी लेकीला काम दिलं, “तो घरी गेला की मला सांग.”

सा कुठला हे तिला सांगावं लागलं नाही. मागे तानपुरा सतत तोच सूर धरून असतो. शिवाय ज्या अलंकारांना, म्हणजे क्लासमधल्या सुरांच्या त्याच त्याच सरावाला, ती वैतागली होती, त्यांनी वर्षभरात तिच्या कानात षड्ज पक्का बसवला होता. हे श्रेय क्लासच्या बाईंचं, मी ते आईबाबांना आवर्जून सांगितलं. बाबांच्या घड्याळाप्रमाणे ती अकरा मिनिटं हलली नाही. मधेच ओरडली, “गेला!” आणि दोन सेकंदांत, “नाही नाही, परत बाहेर आला.”

काही गाणारी मंडळी या प्रकारावर नाराज होतात. त्यांचं म्हणणं, गोष्ट जोडली की राग त्या गोष्टीला चिकटतो, मग जन्मभर मारवा म्हणजे हरवलेला मुलगा. मला ते अर्धं पटतं. म्हणून मी पालकांना सांगते की मुलाने गोष्ट बदलली तर दुरुस्त करू नका. दुरुस्त केलीत तर चिकटेल. त्याला बदलू दिलीत तर ऐकता ऐकता ती आपोआप सुटीही होईल.

बदल व्हायला फार दिवस लागले नाहीत. पंधरा दिवसांनी बाबा एकटेच आले. मारवा परत लावला होता म्हणाले, आणि या वेळी गोष्ट तिने सांगितली. तो मुलगा दारापर्यंत येतो आणि परत फिरतो, कारण त्याच्याकडे किल्ली नाही. आईबाबा अजून ऑफिसातून यायचेत.

बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. ही शाळेतून आली की दोन तास शेजारच्या काकूंकडे असते, हे पहिल्याच दिवशी फॉर्मवर लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं आणि पोटदुखीशी जोडलं नव्हतं. क्लासची वेळ नेमकी त्या दोन तासांनंतरची. घरात पाय टाकायचा आणि लगेच पुन्हा निघायचं.

“मॅडम, ती हे रागाबद्दल बोलत होती की आमच्याबद्दल?”

“तिलाही ठाऊक नसेल,” मी म्हटलं. “पण तिला विचारू नका.”

क्लास दोन महिने बंद ठेवला. आता रविवारी सकाळी आहे, आठवड्यातून एकदाच. अलंकारांना ती अजूनही कंटाळते आणि तसं बाईंना तोंडावर सांगते. पोट दुखत नाही. गाण्याच्या प्रारंभिक परीक्षेचा फॉर्म यंदा भरलेला नाही, पुढच्या वर्षीचं ठरलेलं नाही. मारव्यासाठी तिने एक नियम केलाय. तो संध्याकाळीच लावायचा, आणि आई आणि बाबा दोघंही घरात असले तरच.