संडास रोज धुतो, तरी वास का येतो?

प्रश्न : पूर्व भागात आमच्या वाड्यात सहा घरांना मिळून एकच संडास आहे. पाणी चार-पाच दिवसांआड येतं. रोज फिनेल टाकतो, आठवड्याला ॲसिड ओततो, तरी भांडं पिवळंच राहतं आणि वास हटत नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : फिनेलने वास तेवढ्यापुरता दबतो. मूळ आहे त्या पिवळ्या थरात. लघवीतले आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार मिळून तो बसतो आणि त्यात जंतू टिकून राहतात.

ॲसिड फरशीवरही ओतत असाल तर ते आधी बंद करा. ॲसिड फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट खातं, मग लघवी आत मुरते आणि कितीही धुतलं तरी वास येतच राहतो. उघडे पडलेले सांधे सिमेंटने भरून घ्या. फरशीला कपड्यांची पावडर आणि खराटा पुरतो.

भांड्यासाठी रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. त्यात जुनं फडकं भिजवून पिवळ्या भागावर चिकटवा. नुसतं ओतलं तर उतारावरून निघून जातं, थराला लागतच नाही. सकाळी फडकं उचलून घ्या, आत जाऊ देऊ नका, आणि कडक ब्रशने घासा. जुना थर दोन-तीन खेपांत सुटतो.

ब्लीचिंग पावडर घासून-धुऊन झाल्यावरच वापरा, कारण घाणीवर तिचा जोर वाया जातो. लिटरभर पाण्यात 15 ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर पावडर कालवून निवळू द्या. वरचं पाणी कडी, नळाची तोटी, डब्याचा कान आणि पाय ठेवायच्या जागी लावा, 10 मिनिटांनी धुऊन टाका. हात सगळ्यांचे लागतात ते कडीला आणि डब्यालाच, आणि नेमकं तेच धुवायचं राहून जातं.

ॲसिड किंवा लिंबूसत्त्व ब्लीचिंगमध्ये कधीही मिसळू देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, एवढ्याशा बंद खोलीत तो जिवावर बेततो. एक काम आज, दुसरं उद्या करा.

पाण्याचं म्हणाल तर कपडे धुतलेलं पाणी संडासाला चालतं. दोन लिटर एकदम जोरात ओता; मगाने थोडं थोडं ओतलेलं पाच लिटरही वाया जातं. साठवणीच्या ड्रमवर घट्ट कापड बांधा आणि आठवड्यातून एकदा आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी ड्रमच्या भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

प्रश्न : ॲसिडने सेप्टिक टँक लवकर भरतो का?

उत्तर : हो, रोज ओतलंत तर. टाकीत मैला कुजवणारे जंतू मरतात आणि गाळ साचत जातो. टाकी उपसायला गाडीच बोलवा, माणूस आत उतरवू नका. आतल्या वायूने काही श्वासांत शुद्ध हरपते, आणि 2013 च्या कायद्याने त्याला बंदीही आहे.