स्वयंसेवक व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर: गरजांमधला विरोध कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न मी असा समजले. एका सेवाभावी संस्थेसाठी स्वयंसेवक व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर करायचं आहे. समन्वयक, संचालक, हिशेबनीस, बालसुरक्षा बघणाऱ्या बाई आणि पाच-सहा स्वयंसेवक यांच्याशी बोलून तुम्ही साठ गरजांची यादी केलीत. वरिष्ठांनी त्यातल्या परस्परविरोधी गरजा वेगळ्या काढायला सांगितल्यात, आणि तुम्हाला एकही सापडत नाही. 'सगळ्या एकमेकींना पूरकच वाटतात' असं तुम्ही लिहिलंय. मला त्याच वाक्याची काळजी वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साठ गरजांच्या जोड्या होतात १,७७०. एवढ्या जोड्या कुणी धीराने तपासत नाही, आणि तपासल्या तरी फारसं हाती लागत नाही. मुलाखतीत माणसं विशेषणांमध्ये बोलतात: सोपं हवं, सुरक्षित हवं, पारदर्शक हवं. विशेषणं आपसांत भांडत नाहीत. तुम्ही नमुन्याला दिलेल्या दोन गरजाच बघा. 'नोंदणी सोपी असावी' आणि 'मुलांबरोबर काम करणाऱ्यांची नीट पडताळणी व्हावी'. शेजारी ठेवल्या तर दोन्हींना मान डोलवावीशी वाटते. आता समन्वयकांना विचारा, सोपी म्हणजे किती? ते म्हणतील, मोबाइलवर तीन मिनिटांत फॉर्म संपावा आणि माणूस त्याच आठवड्यात कामाला लागावा. बालसुरक्षेच्या बाईंना विचारा, नीट म्हणजे काय? त्या म्हणतील, ओळखपत्र, दोन ओळखीच्या व्यक्तींची शिफारस आणि पार्श्वभूमी तपासणीचा निकाल हातात आल्याशिवाय मुलांच्या खोलीत पाऊल नाही. तो निकाल यायला कित्येक आठवडे लागू शकतात. विरोध पहिल्या दिवसापासून यादीत होताच, पण आकडा नसल्यामुळे दिसत नव्हता.

म्हणून माझं पहिलं सांगणं: प्रत्येक गरजेपुढे ती कुणी मागितली, कशासाठी मागितली आणि पूर्ण झाली हे कसं मोजायचं, एवढं लिहून काढा. सुझान आणि जेम्स रॉबर्टसन यांच्या व्होलेरे या गरजा लिहून ठेवण्याच्या साच्यात प्रत्येक गरजेच्या कार्डावर यासाठी जागा असते, आणि ही गरज इतर कोणत्या गरजांशी भिडते हे लिहायलाही वेगळा रकाना असतो. साचा कुठलाही वापरा, पण 'कशासाठी' हा रकाना रिकामा सोडू नका. पुढे मार्ग काढायची वेळ येते तेव्हा तोच उपयोगी पडतो. वरच्याच उदाहरणात समन्वयकांना घाई आहे ती उत्साहाने आलेला माणूस वाट बघून निघून जाऊ नये म्हणून. हे कळलं की मार्गही दिसतो: तीन मिनिटांत नोंदणी, लगेच मुलांशी संबंध नसलेलं काम, आणि मुलांसोबतची कामं पडताळणी होईपर्यंत त्याच्यासाठी बंद.

दुसरी जागा म्हणजे शब्द. एका संस्थेच्या प्रकल्पात मी विश्लेषक होते. 'स्वयंसेवकाचे तास नोंदवावेत' ही गरज तिथे चौघांनी मागितली होती, म्हणून मी ती सर्वमान्य धरून पुढे गेले. समन्वयकांच्या मनात तास म्हणजे पाळीचे ठरलेले तास. हिशेब विभागाला हवी होती प्रत्यक्ष आल्या-गेल्याची वेळ, तीही प्रकल्पवार, कारण अनुदानाच्या अहवालात स्वयंसेवकांच्या वेळेचं मूल्य संस्थेचा वाटा म्हणून दाखवायचं होतं. स्वयंसेवकांच्या मते प्रशिक्षणाचा वेळही धरायला हवा होता, कारण प्रमाणपत्रावर तोच आकडा छापला जाणार होता. मी हे विचारलंच नाही, मग निर्णय प्रोग्रामरने घेतला: आलेली वेळ जवळच्या पूर्ण तासात बदलायची आणि तेवढा एकच आकडा साठवायचा. त्याला दोष देता येणार नाही, त्याच्यापुढे मी लिहिलेली एकच ओळ होती. सात महिन्यांनी अहवाल आणि हजेरी जुळेना, आणि मूळ वेळा साठवलेल्याच नसल्यामुळे मागे जाऊन दुरुस्त करता येईना. तेव्हापासून ज्या गरजेवर सगळे एका सुरात हो म्हणतात, तिच्यापाशी मी सर्वांत जास्त थांबते. प्रत्येकाला सांगते, मागच्या आठवड्यातला एक खरा दिवस घ्या आणि त्याचे तास मला मोजून दाखवा. तुमच्या यादीत 'सक्रिय स्वयंसेवक' आणि 'उपलब्ध' हे दोन शब्दही आहेत. त्या दोन्हींची अशीच परीक्षा घ्या.

तिसरी जागा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सॉफ्टवेअरच्या गरजांवर संशोधन करणारे आक्सेल व्हान लाम्सवेर्डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक गोष्ट फार स्पष्टपणे मांडली: दोन उद्दिष्टं एरवी सुखाने नांदतात, पण एखादी विशिष्ट परिस्थिती आली की दोन्ही एकदम पाळणं अशक्य होतं. म्हणजे शोधायची ती परिस्थिती. स्वयंसेवकाला पाळी स्वतः निवडता आणि रद्द करता यावी, हे ठीक. प्रत्येक पाळीला ठरलेली माणसं असावीत, हेही ठीक. सकाळी सातची पाळी कुणी सहा वाजता रद्द केली तर? सिस्टिमने रद्द करू द्यायची का? प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला आपोआप जागा द्यायची, तर त्याची पडताळणी झालेली नसेल तेव्हा काय? बघा, दोन गरजांचा विरोध शोधायला निघालो आणि तिसरी येऊन भिडली.

यासाठी मी एक कल्पित स्वयंसेवक घेते आणि त्याला नोंदणीपासून संस्था सोडेपर्यंत चालवत नेते. प्रत्येक टप्प्यावर विचारते, इथे कोण काय करेल आणि बिनसलं तर काय होईल. तो उशिरा आला, त्याच्याविरुद्ध तक्रार आली, तो एकाच वेळी दोन शाखांत काम करतोय, हजेरीच्या वेळी नेटवर्क गेलं, अल्पवयीन होता तो अठरा वर्षांचा झाला. सोडून जाण्याच्या टप्प्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि गुंतागुंत सगळ्यांत जास्त तिथेच असते. तो म्हणतो, माझी माहिती पुसून टाका. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १७ मध्ये हा हक्क आहे, पण तो निरपवाद नाही. कायदेशीर बंधन पाळण्यासाठी किंवा कायदेशीर दाव्यांसाठी लागणारी माहिती त्यातून वगळता येते. हिशेबनिसांना अहवालातले तास हवेत, बालसुरक्षेच्या बाईंना तक्रारीची नोंद हवी. संपूर्ण नोंद एकच वस्तू मानली तर हा वाद सुटत नाही. तिचे तुकडे केले की बराचसा सुटतो: नाव, फोन, फोटो काढायचे, तास ओळख पुसून ठेवायचे, तक्रारीची नोंद वेगळी, ठरलेल्या मुदतीपुरती आणि मोजक्या लोकांनाच दिसेल अशी.

याच वाटेवर न बोललेल्या गरजाही सापडतात. समन्वयकांकडे जवळपास नेहमीच एक खासगी वही किंवा स्प्रेडशीट असते: 'हा वेळ पाळत नाही', 'हिला गर्दीचं काम देऊ नये'. नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना त्यासाठी रकाना हवा असतो, पण मुलाखतीत ते सांगत नाहीत. आणि जीडीपीआरच्या कलम १५ प्रमाणे स्वयंसेवक स्वतःबद्दलची माहिती मागू शकतो, त्यात हे शेरेही येऊ शकतात. 'सध्या तुम्ही हे कुठे लिहून ठेवता, दाखवाल का?' असं विचारा. त्या वहीकडे बघताना जे कळतं ते तासाभराच्या मुलाखतीत कळत नाही.

हे झालं की एक तक्ता करा. आडव्या ओळींत माहितीचे घटक: फोन नंबर, तास, पाळी, पडताळणीचा निकाल, शेरे. उभ्या रकान्यांत माणसं. प्रत्येक चौकटीत लिहा, हा माणूस ते तयार करतो, बघतो, बदलतो की पुसतो. ज्या ओळीत दोघांना बदलायचंय, किंवा एकाला बघायचंय आणि दुसऱ्याला ते दाखवायचं नाही, तिथे लाल खूण करा. फोन नंबरच्या ओळीत ती हमखास येते: गटप्रमुखाला कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांचे नंबर हवेत आणि बऱ्याच स्वयंसेविकांना आपला नंबर अनोळखी माणसाकडे जायला नको असतो. १,७७० जोड्यांऐवजी तुमच्यापुढे वीस-पंचवीस ओळी राहतील.

एक सावधगिरी. तुम्ही गरजांना मॉस्को पद्धतीने, म्हणजे 'हवंच', 'हवं', 'जमलं तर' आणि 'यावेळी नको' असे चार गट पाडून, प्राधान्य दिलंय आणि त्यातून विरोध दिसेल अशी तुमची अपेक्षा आहे. डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही पद्धत आधी काय करायचं हे ठरवायला चांगली आहे. पण दोन 'हवंच' एकमेकांच्या उरावर बसलेले असू शकतात, आणि प्राधान्ययादी त्यावर काहीच बोलत नाही. पैसा आणि वेळ पुरत नाही म्हणून होणारी ओढाताण तिने दिसेल, तेवढीच.

मुलाखती आधी एकेकट्याच घ्या. संचालकांसमोर समन्वयक गप्प बसतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता गृहीतच धरते. तुमच्या यादीत बोललेले पाच-सहा स्वयंसेवक बहुधा सर्वांत उत्साही आणि नियमित असणार. महिन्यातून एकदा येणारे, स्मार्टफोन न वापरणारे आणि मध्येच सोडून गेलेले, अशा किमान एकेकाशी बोला. आणि ज्यांच्यासाठी ही सगळी सेवा चालते ते लाभार्थी तर तुमच्या यादीत कुठेच नाहीत. त्यांची माहिती स्वयंसेवकांच्या पडद्यावर दिसणार असेल, तर त्यांच्या बाजूने कुणीतरी बोलायलाच हवं.

सापडलेला विरोध स्वतःच मिटवून टाकू नका. तो मोह फार होतो, विशेषतः उत्तर आपल्याला दिसत असेल तेव्हा. लिहायचं एवढंच: कोणत्या दोन गरजा, कोणत्या परिस्थितीत भिडतात, कुणाचं काय नुकसान होतं, कोणते पर्याय आहेत, निर्णय कुणाचा आणि कधीपर्यंत. निर्णय झाल्यावर त्याचं कारणही तिथेच लिहा, कारण वर्षभराने माणसं बदलतात आणि तोच वाद नव्याने सुरू होतो.

पुढच्या बैठकीत साठ गरजा वाचून दाखवू नका. समन्वयक आणि बालसुरक्षेच्या बाई यांना शेजारी बसवा आणि एकच प्रसंग समोर ठेवा: उद्या सकाळी मुलांचं शिबिर आहे, दोघे आयत्या वेळी गळलेत, आणि कालच नोंदणी केलेला एक माणूस यायला तयार आहे. सिस्टिमने त्याचं नाव दाखवायचं की नाही? समन्वयक आणि बाई जे बोलतील ते शब्दशः टिपून घ्या. तुमच्या यादीतली पहिली नोंद तीच.