पांढरा कागद जातो, चौकट का राहते?

प्रश्न : गणेशोत्सवाच्या पत्रिकेसाठी शाईने काढलेला गणपती स्कॅन केला, फोटोशॉपमध्ये राजवाड्याच्या फोटोवर ठेवला आणि मल्टिप्लाय लावलं. कागद नाहीसा झाला, पण भोवती पिवळट चौकट दिसते. रात्रीच्या रोषणाईच्या फोटोवर तर गणपतीच दिसत नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मोड (दोन लेयर, म्हणजे थर, एकमेकांत मिसळायची पद्धत) बरोबर आहे, कागद पांढरा नाही. मल्टिप्लाय वरच्या आणि खालच्या लेयरचे रंगांचे आकडे (0 म्हणजे काळं, 255 म्हणजे पूर्ण उजळ) गुणून 255 ने भागतो. लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनेल वेगवेगळे. वर 255 असेल तरच खालचा रंग जसाच्या तसा राहतो. इन्फो पॅनेल उघडून कोऱ्या कागदावर कर्सर न्या. समजा 244, 240, 225 दिसले. खाली तिन्ही चॅनेल 200 असतील, तर लाल 191 वर येतो आणि निळा 176 वर. निळा जास्त उतरला, म्हणून चौकट पिवळट.

शाई काळीच आहे, तेव्हा आधी चित्राचा लेयर निवडून शिफ्ट-कंट्रोल-यू दाबा, रंग जाईल. त्यावर लेव्हल्सचा, म्हणजे उजेड-अंधार जुळवणारा, अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्या आणि ऑल्ट धरून दोन लेयरच्या मधल्या रेषेवर क्लिक करा, म्हणजे लेव्हल्स फक्त चित्राला लागू होईल. ही क्लिक राहिली, तर राजवाडाही फटफटीत होतो. आता लेव्हल्सच्या आलेखाखालचा पांढरा त्रिकोण डावीकडे, 225 च्या आसपास आणा. चौकट गेली की थांबा. हौसेने 180 पर्यंत ओढलात तर सोंडेच्या बारीक रेषा तुटतील. स्कॅनरच्या कडेची सावली उरलीच, तर चित्राच्या लेयरवर पांढरा ब्रश फिरवा.

रात्रीच्या फोटोचं गणित सरळ आहे. आकाश 20, शाईची रेषा 0, गुणाकार 0. वीस आणि शून्यातला फरक डोळ्याला कळणार कसा? तिथे चित्राचे रंग उलटे करून (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं) स्क्रीन मोड लावा. त्यात काळं नाहीसं होतं, रेषा पांढऱ्या उमटतात. मात्र रंग उलटे करायला कंट्रोल-आय थेट चित्रावर दाबू नका. तसं केलं की लेव्हल्स उलटलेल्या चित्रावर चालतं, कागदाचा करडेपणा उरतो आणि चौकट पुन्हा हजर, या वेळी उजळ. लेव्हल्सच्या वर इन्व्हर्टचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्या, तोही तसाच ऑल्ट-क्लिकने जोडा. स्क्रीन मोड मात्र चित्राच्याच लेयरला द्यायचा, लेव्हल्स-इन्व्हर्ट नॉर्मलवरच.

ओव्हरले मोड इथे कामाचा नाही. त्यात पांढरं नाहीसं होत नाही, खालचा फोटो उजळतो. कागद चौकोनी झगमगाट होऊन बसेल.