बाबांच्या पायाची जखम, घरी ड्रेसिंग करताना

ताई, पहिलं म्हणजे ते डेटॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रोज जखमेत ओतणं बंद करा, त्याने जंतूंबरोबर नवीन येणाऱ्या पेशीपण मरतात आणि जखम रेंगाळते. मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची (निर्जंतुक मिठाच्या पाण्याची) बाटली आणा, हात साबणाने धुवा, मग त्या सलाईननेच जखम साफ करा. गॉज (जखमेवरची जाळीदार पट्टी) चिकटला असेल तर ओढू नका हं, सलाईनने भिजवून पाच मिनिटं थांबा, आपोआप सुटतो. हळद, टूथपेस्ट, शेजारच्या काकूंची पावडर काहीच नको. आणि "हवा लागू दे, सुकेल" हे पण विसरा, जखम थोडी ओलसर आणि झाकलेली असली की लवकर भरते. आत लालसर गुलाबी दाणेदार मांस दिसलं की समजायचं चांगलं चाललंय.

बाबांना शुगर आहे ना, म्हणून सांगते, दुखत नाही म्हणजे बरं आहे असं अजिबात धरू नका, नसा बधिर झाल्या की दुखणं कळतच नाही. घरातही चप्पल, त्या पायावर भार कमी, आणि शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर नुसत्या ड्रेसिंगने काही होत नाही. वास, पू, पसरणारी लाली, काळपटपणा किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी सर्जनकडे, उद्यावर ढकलू नका.