रिपोर्टमधला 'नॉर्मल' चेहरा कोणाचा?

तुमच्या १५ वर्षांच्या मुलीच्या सेफ रिपोर्टवर (डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून घेतलेली मापं) तीन आकडे लाल, म्हणजे 'नॉर्मल'बाहेरचे आलेत, चार दात काढायला सांगितलंय आणि तुम्ही विचारताय की हे 'नॉर्मल' ठरवलं कोणी. मी सांगलीत दात सरळ करायचंच काम करते, म्हणून सांगते. बाजूच्या रकान्यात ८२, ८०, २ असं छापलेलं असेल (वरचा जबडा, खालचा जबडा किती पुढे आहे त्याचे अंश आणि त्यांतला फरक), तर ते स्टायनर या अमेरिकन दंततज्ज्ञाचे आकडे. १९५३ साली अमेरिकेत मांडलेले, तिथल्या गोऱ्या चेहऱ्यांवरून. त्याआधीचं, १९४८चं डाऊन्स या दुसऱ्या दंततज्ज्ञाचं कोष्टक तर जेमतेम २० गोऱ्या मुलामुलींच्या मापांवर उभं आहे. माझ्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या उघडल्या स्टायनरच येतो.

त्याच्या हिशेबात खालचे पुढचे दात एनबी रेषेशी (नाकाच्या मुळापासून खालच्या जबड्याच्या पुढच्या बाजूपर्यंतची रेषा) २५ अंश झुकलेले आणि तिच्या ४ मिलिमीटर पुढे हवेत. आपल्याकडे दात याहून बाहेर आणि ओठ जरा भरलेले असणं नेहमीचंच. इथल्या लोकांची मापं घेऊन वेगळ्या सरासऱ्या काढल्या गेल्यात, महाराष्ट्रातल्याही आहेत. (त्यावर 'मग आमच्या समाजाचं माप किती?' असं कोणी विचारलं की मला हसू येतं. सख्ख्या दोन भावांत कधी कधी त्याहून जास्त फरक निघतो.)

मागे तासगावकडची एक मुलगी आली होती. झुकाव ३३, रिपोर्ट लालभडक. पण बोलायची थांबली की ओठ आपसूक मिटायचे, हनुवटी गुळगुळीत. दात काढले असते तर ओठ आत बसून नाक उगाच मोठं दिसलं असतं. दातांची किंचित गर्दी होती, ती कडा हलक्या घासून जागा करून भागवली. त्याच महिन्यात मिरजेचा एक मुलगा आला, झुकाव तिच्याएवढाच. फोटोसाठी ओठ मिटायला सांगितले की हनुवटीवर मोसंबीच्या सालीसारखे खड्डे पडायचे, म्हणजे ओठ जोर लावूनच मिटायचे. त्याचे चार दात मी काढायला लावले.

तेव्हा मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली असेल तेव्हा तिला न सांगता बाजूने बघा. ओठ मिटलेत का, हनुवटी आवळलीय का. मग डॉक्टरांना सरळ विचारा, दात आकड्यासाठी काढताय, ओठांसाठी की गर्दीसाठी? गर्दीच, म्हणजे दातांना जागेची तूट, १० मिलिमीटरच्या आसपास असेल तर माझं वरचं पुराण बाजूला ठेवा. तिथे स्टायनर अमेरिकेचा असो नाहीतर आटपाडीचा, जागा करावीच लागते.