बाबांना युद्ध आत्ता का आठवतंय?

"बाबा युद्धाबद्दल आयुष्यभर चकार शब्द बोलले नाहीत. आता रात्री ओरडत उठतात, एकदा पलंगावरून खाली पडले. हा स्मृतिभ्रंश आहे का? त्यांना बोलतं करायचं, की विषयच टाळायचा?"

परळहून आलेल्या एका मुलीचा हा प्रश्न. माजी सैनिकांच्या घरांतून तो वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येत असतो. म्हणून कुटुंबाच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून, इथे लिहिते आहे.

काका ७६ वर्षांचे. घर सुतारांचं. भरती झाले ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलात, आणि तिथेही ट्रेड सुताराचाच मिळाला. १९७१च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, शकरगडच्या आघाडीवर रणगाड्यांसाठी सुरुंगांतून वाट मोकळी करण्याच्या कामावर होते. पुढे पेन्शन घेऊन १९८४ साली मुंबईत आले, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या संपाने गिरणगाव पार खचलं होतं. नवं कपाट कोण करून घेणार? काका पलंगांचे पाय बदलत, फुगलेली दारं तासत, गणपतीच्या दिवसांत मखरं करत. त्यावर तीन मुलांची शिक्षणं आणि लग्नं झाली.

मग दोन वर्षांत सगळंच सुटलं. काकू गेल्या. चाळ पुनर्विकासात गेली, तिच्यासोबत खालचं दुकानही. हत्यारं गोणीत भरून नव्या फ्लॅटच्या माळ्यावर ठेवली गेली. त्यात मे २०२५मध्ये युद्धसरावाचे भोंगे वाजले आणि घरातला टीव्ही दिवसभर लढाईच्याच बातम्या सांगू लागला. काकांची झोप तेव्हापासून उडाली.

मी मुलीला आधी बाबांना डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. म्हातारपणी झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, पलंगावरून पडणं यामागे झोपेचा वेगळा आजार असू शकतो आणि तो कधी कधी पार्किन्सन्सची पूर्वसूचना असतो. बी-१२ कमी असलं, थायरॉईड बिघडला, ऐकू कमी येऊ लागलं, तरी माणूस गोंधळल्यासारखा वागतो. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासलं, स्मरणशक्तीची चाचणी झाली. स्मृतिभ्रंश नव्हता. माजी सैनिकांसाठी २००३पासून ईसीएचएस ही आरोग्ययोजना आहे, तिच्या पॉलिक्लिनिकमधून अशा तपासण्यांची सोय होते. काकांचं कार्ड होतं, पण ते रक्तदाबाच्या गोळ्यांपुरतंच वापरलं जात होतं.

मग राहिला तो मनाचा भाग. आघातानंतरच्या या त्रासाला पीटीएसडी हे नाव वैद्यकाच्या पुस्तकात आलं १९८० साली. काका लढून परतले तेव्हा त्यांना 'झोप लागते का' असं विचारणारं कुणी नव्हतं. कामाने आणि संसाराने त्या आठवणी मागे सारल्या होत्या. काम थांबतं, जोडीदार जातो, घर बदलतं, तेव्हा त्या पुढे येतात. वृद्ध सैनिकांमध्ये हे जगभर दिसलं आहे. यात वेड नाही, आणि दुबळेपणा तर मुळीच नाही.

मी काकांना युद्धाबद्दल विचारलंच नाही. रंध्याचं पातं कसं लावतात, ते विचारलं. त्या दिवशी आमचा सगळा वेळ पटाशीला धार काढण्यात गेला. पुढच्या एका भेटीत ते आपणहून म्हणाले, "सुरुंग हाताला कळतो, ताई. सळई तिरकी घालायची जमिनीत, उभी नाही." मग त्यांच्या मागून मोकळ्या वाटेची खूण म्हणून पांढरी फीत अंथरत येणाऱ्या जोडीदाराचं सांगितलं. तो परत आला नाही. एवढं बोलून काका गप्प झाले, मीही पुढे काही विचारलं नाही.

घरच्यांना माझं सांगणं हेच होतं. विषय काढू नका, आणि त्यांनी काढला तर बदलूही नका. हातातलं काम ठेवून शेजारी बसा. "मग पुढे काय झालं?" हा प्रश्न टाळा. रात्री ओरडले तर अंगाला हात लावून हलवू नका; थोडं लांब उभं राहून दिवा लावा, हाक मारा, "बाबा, आपण परळला आहोत, घरी आहोत," असं सांगा. पलंगाची उंची कमी करा. बातम्या त्यांच्या खोलीबाहेर ठेवा. दिवाळीत सुतळी बॉम्ब कधी वाजणार, ते सोसायटीतल्या पोरांना विचारून काकांना आधीच सांगा. आणि कधी जगणं नको झाल्याची भाषा निघाली, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

हत्यारांवरून मात्र मुलाशी वाद झाला. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतो, बोट कापून घेतलं म्हणजे?" त्याची भीती खरी होती. तरीही मी ठाम राहिले. ज्या हातांनी घर उभं केलं, ते हात दिवसभर मांडीवर ठेवून बसायला लावणं हीच या माणसासाठी मोठी इजा होती. तडजोड अशी ठरली: विजेवरचं यंत्र नको, हाताची हत्यारं चालतील, काम उजेडात आणि घरात कुणी असतानाच. माळ्यावरची गोणी खाली आली. काकांनी पहिल्यांदा सुनेला पोळपाटाचे पाय बसवून दिले.

स्वप्नं थांबलेली नाहीत, पण कमी झाली आहेत. आता जागे झाले तर मुलीला हाक मारतात. पूर्वी पहाटेपर्यंत एकटेच बसून राहायचे. १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, सोसायटीने त्यांचा सत्कार ठरवला होता. काका नको म्हणाले. मुलीने समितीला "बाबा येणार नाहीत" एवढंच कळवलं, कारण सांगत बसली नाही.