डिस्क भरली, कारण बॅकअप भलत्याच जागी गेला

तुम्ही लिहिलंय की डिचोलीच्या पतसंस्थेतला उबुंटू सर्व्हर रात्री दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) आरसिंक (फाइली कॉपी करणारं साधन) चालवून यूएसबी डिस्कवर बॅकअप घेतो, पाऊस सुरू झाल्यापासून लाईट गेली की तो चुकतो, आणि आता मूळ डिस्क शंभर टक्के भरलेली दिसते, पण डीयूने (फोल्डरमधल्या फाइलींची जागा मोजणारी कमांड) मोजलं तर निम्मीसुद्धा भरत नाही. मला ही दोन दुखणी एकच वाटतात.

एखाद्या रात्री लाईट जाऊन आली, मशीन उठलं, पण यूएसबी डिस्क माउंट झाली नाही, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली गेली नाही. तिच्या नावाचा फोल्डर मात्र जागेवर होता, रिकामा. आरसिंकने त्यातच सगळं ओतलं, म्हणजे मूळ डिस्कवरच. नंतर कोणीतरी डिस्क माउंट केली आणि तो ढीग तिच्याखाली झाकला गेला. डीएफ (अख्ख्या डिस्कची भरलेली जागा सांगणारी कमांड) त्याची जागा मोजतो, डीयूला तो दिसतच नाही. खात्री करायची तर मूळ फाइल सिस्टीम दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरवर बाइंड माउंट करा (म्हणजे तीच तिथेही दिसेल अशी जोडा) आणि तिथे डीयू चालवा. झाकलेलं सगळं उघडं पडेल. तिथे काहीच सापडलं नाही, तर पुसलेली पण एखाद्या प्रोसेसने धरून ठेवलेली लॉग फाइल असेल. एलएसओएफला (उघड्या फाइली दाखवणारी कमांड) अधिक एल एक (+L1) हा पर्याय दिला की ती दिसते.

स्क्रिप्टमध्ये कॉपी सुरू होण्याआधी माउंटपॉइंट ही कमांड क्यू पर्यायासह घाला. डिस्क जागेवर नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबलं पाहिजे. त्याहून पक्का उपाय म्हणजे डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर सीएचअॅटर अधिक आय (chattr +i, फोल्डर बदलता येऊ नये अशी खूण) लावायचं. मग रूटलासुद्धा (सर्व अधिकार असलेल्या यूजरला) त्यात काही लिहिता येत नाही. डिस्क माउंट झाली की तिच्यावर मात्र नेहमीसारखं लिहिता येतं. एफएसटॅबमध्ये (मशीन उठताना काय माउंट करायचं त्याची यादी) डिस्कचं नाव एसडीबी असं न देता यूयूआयडी (तिचा न बदलणारा ओळख क्रमांक) द्या, कारण लाईट आल्यावर नावांचा क्रम बदलू शकतो. सोबत नोफेल लिहा. नाहीतर डिस्क सापडली नाही तर सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये अडकतो आणि सकाळी काउंटर उघडत नाही.

क्रॉनची वेळ मशीन बंद असताना टळली की ती टळलीच. म्हणून हे काम सिस्टमडी (उबुंटूमधल्या सेवा चालवणारी यंत्रणा) टायमरकडे द्या. ऑनकॅलेंडरने वेळ ठरवा आणि पर्सिस्टंट ट्रू ठेवा. चुकलेलं काम मशीन उठल्यावर आपोआप होईल. ते सकाळच्या गर्दीत जाऊ शकतं, तेव्हा आरसिंकला आयओनाइसने डिस्क वापराच्या मागच्या रांगेत बसवा, आणि एकाच वेळी दोन प्रती धावू नयेत म्हणून एफलॉक लावा. डेटाबेसच्या चालू फाइली मात्र आरसिंकने उचलू नका, त्या अर्धवट येतात. डेटाबेस मायएसक्यूएल आणि त्याचा साठवणीचा प्रकार इनोडीबी असेल तर मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढणारी कमांड) सिंगल ट्रॅन्झॅक्शनसह आधी घ्या आणि ती फाइल कॉपी करा.

यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडलेली आहे का? पुष्कळ ठिकाणी ती खोक्यातच पडून असते. ती जोडून नट, म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स, बसवा. बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतः नीट बंद होईल. बायोसमध्ये लाईट आल्यावर मशीन चालू व्हावं अशी सेटिंग असते, तीही लावा. एक गोष्ट हमखास राहते: सर्व्हर बंद होत असतानाच लाईट परत आली तर यूपीएसचा पुरवठा तुटलेलाच नसतो, म्हणून मशीन बंदच राहतं. बंद होताना शेवटी यूपीएसलाही पुरवठा तोडायला सांगणं नटमध्ये जमतं, पण यूपीएसचं मॉडेल त्याला साथ देतं का ते आधी तपासा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतोय त्याला कारण आहे. वेर्ण्याच्या एका कारखान्यात माझ्याच स्क्रिप्टच्या शेवटी 'बॅकअप पूर्ण' छापणारी ओळ होती. वर आरसिंक फसलं तरी ती ओळ यशस्वी व्हायची आणि सगळी स्क्रिप्ट यशस्वी ठरायची. चवथीच्या सुट्टीनंतर डिस्क गेली तेव्हा कळलं की अनेक आठवड्यांच्या प्रती नव्हत्याच. अकाउंट्सच्या लोकांनी पावत्या पुन्हा टाइप केल्या, आणि ते पाहणं मला फार जड गेलं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बॅश स्क्रिप्टची पहिली ओळ सेट ईयूओ पाइपफेल (set -euo pipefail, काही फसलं की स्क्रिप्ट तिथेच थांबवणारी) असते, आणि यशाची खूण म्हणून एक छोटी फाइल फक्त सगळं नीट झाल्यावरच टच होते, म्हणजे तिची वेळ ताजी होते. ती फाइल सव्वीस तासांपेक्षा जुनी झाली का, हे दुसरं मशीन तपासतं आणि मला कळवतं. तपासणारं मशीन वेगळंच हवं. मेलेला सर्व्हर मेल पाठवू शकत नाही.

आज रात्री आधी बाइंड माउंट करून बघा. झाकलेला ढीग सापडला तर लगेच पुसू नका. यूएसबी डिस्कवरच्या प्रतींशी तारखा ताडून बघा, कदाचित काही दिवसांची एकमेव प्रत त्यातच असेल. काय निघतं ते इथेच लिहा, मग टायमरची फाइल मिळून बसवू.